प्रतिद्रव्य आणि सिलिकॉनची पाटी

हल्लीं घरोघरीं असलेल्या मोबाईल फोनच्या पाठीवर जी वाटाण्याएवढी कांच दिसते, तिच्यामागें सिलिकॉनची एक नखाएवढी चकती बसविलेली असते. मुंजींतल्या बटूचें किंवा बारशाच्या पाळण्याचें छायाचित्र आपण घेतों, तेव्हां कांचेंतून आलेला प्रकाश या चकतीवर पडतो आणि तिच्यावर आंखलेलीं कोट्यवधि सूक्ष्म घरें तो मोजून घेतात. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनीव्हा शहरालगत, 'सर्न' या नांवानें प्रसिद्ध असलेली जी विशाल प्रयोगशाळा आहे, तेथील 'ईजिस' नामक प्रयोगांतील शास्त्रज्ञांनीं अशाच साठ चकत्या एकत्र बसवून एक यंत्र सिद्ध केलें व त्याचें वर्णन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. प्रतिद्रव्याचा कण द्रव्याला शिवतांच दोघेही नाहींसे होतात. तें नाहींसें होणें नेमकें कोणत्या ठिकाणीं घडलें, याची खूण टिपणें हें या यंत्राचें काम.

'मोबाईलच्या कॅमेऱ्यानें प्रतिद्रव्याचा फोटो काढला' अशा शब्दांत ही गोष्ट सांगितली तर ती चटकदार वाटेल. परंतु तींतून बोध असा कांहींच होणार नाहीं. कारण या यंत्रांत भिंग नाहीं. तेव्हां प्रतिद्रव्य म्हणजे काय, तें सिलिकॉनवर आपटलें म्हणजे काय होतें, आणि ती जागा इतक्या बारकाईनें शोधण्याची एवढी उठाठेव कशासाठीं, हें थोडें विस्तारानें पाहणें जरूर आहे.

१९२८ सालीं केंब्रिज येथील पॉल डिरॅक या तरुण गणितज्ञानें इलेक्ट्रॉनाच्या गतीचें एक समीकरण मांडलें. त्या समीकरणाला जीं उत्तरें निघत, त्यांतील निम्मीं नेहमींच्या इलेक्ट्रॉनाला लागू पडत. उरलेल्या निम्म्यांचें करावयाचें काय, हा प्रश्न होता. वर्गसमीकरण सोडवितांना एक उत्तर ऋण आलें कीं शाळेंतील मुलगा तें 'असंभाव्य' म्हणून खोडून टाकतो. डिरॅकनें तें खोडलें नाहीं. १९३१ सालीं त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, वस्तुमान इलेक्ट्रॉनाइतकेंच, पण विद्युद्भार मात्र उलट, म्हणजे धन, असा एक कण सृष्टींत असलाच पाहिजे. पुढच्याच वर्षीं, १९३२ च्या ऑगस्टमध्यें, अमेरिकेंत कार्ल अँडरसन यास बाष्पानें भरलेल्या पेटींत विश्वकिरणांचे माग तपासतांना तो कण सांपडला. पेटीमध्यें शिशाची एक पट्टी आडवी ठेवलेली होती. ती ओलांडून गेल्यावर कणाचा वेग घटला व त्याची वाट अधिक वांकली. वांकण्याच्या दिशेवरून भार धन ठरला, आणि वांकण्याच्या प्रमाणावरून तो प्रोटॉनाइतका जड असणें शक्य नाहीं, हेंही ठरलें. हाच पॉझिट्रॉन होय.

या कथेंत आपल्याकडील एक नांव फार लवकर येतें. होमी भाभा हे केंब्रिज येथें असतांना त्यांनीं पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनावर आदळून कसा विखुरतो याचें गणित केलें व तें १९३६ सालीं प्रसिद्ध झालें. दोन कण नुसते एकमेकांस ढकलून दूर जातात एवढेंच धरून चालणार नाहीं. ते क्षणमात्र एकमेकांत विलीन होऊन पुन्हां जोडीनें प्रकट होतात, हाही मार्ग हिशेबांत धरला पाहिजे, हें त्यांनीं दाखविलें. त्या क्रियेला आजही 'भाभा विखुरण' असेंच म्हणतात. १९८९ पासून २००० पर्यंत सर्न येथें चाललेल्या मोठ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रावर किती टकरी झाल्या हें मोजण्याचें मापच मुळीं या क्रियेचें होतें, आणि तें मोजण्याकरितां त्या यंत्राच्या कांहीं प्रयोगांत सिलिकॉनचेच थर वापरलेले होते.

प्रोटॉनाचा प्रतिकण सांपडण्यास मात्र १९५५ साल उजाडावें लागलें. बर्कली येथील मोठ्या यंत्रावर सेग्रे, चेंबरलेन व त्यांचे सहकारी यांनीं तो शोधिला. १९५९ चें नोबेल पारितोषिक त्यापैकीं पहिल्या दोघांस मिळालें. प्रतिप्रोटॉनाभोंवतीं एक पॉझिट्रॉन फिरता ठेवला कीं प्रतिहायड्रोजनाचा अणु तयार होतो. असे अवघे नऊ अणु सर्न येथें १९९५ सालीं प्रथम निर्माण झाले; पण ते इतक्या वेगानें धांवत होते कीं त्यांची विचारपूस करण्यास सवडच नव्हती.

आतां विलोपनाकडे वळूं. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकत्र आले कीं बहुधा दोन गॅमाकिरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघून जातात. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. कर्करोगाच्या रुग्णांना ज्या 'पेट' तपासणीस पाठवितात, तींत शरीरांत घातलेल्या औषधांतून पॉझिट्रॉन निघतात आणि बाहेरचें कडें या गॅमाकिरणांच्या जोड्या पकडून त्या कोठून निघाल्या हें सांगतें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरांत या तपासणीचे कागद आलेले असतील. प्रतिद्रव्य त्यांच्या आप्तांच्या शरीरांत विलोपन पावून गेलें, हें मात्र त्या कागदांवर लिहिलेलें नसतें!

प्रतिप्रोटॉनाचा प्रकार याहून फार उग्र. त्याचें वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या सुमारें १८३६ पट, म्हणून त्याच्या विलोपनांतून निघणारी ऊर्जाही त्याच प्रमाणांत अधिक, सुमारें १८७६ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट. ती नुसत्या प्रकाशरूपानें बाहेर पडत नाहीं. तिच्यांतून पायॉन नांवाचे कण जन्मास येतात. सरासरीनें तीन भारयुक्त आणि दोनएक भारहीन. शिवाय प्रतिप्रोटॉन जर सिलिकॉनसारख्या एखाद्या जड अणूच्या गर्भावर जाऊन विलोपन पावला, तर त्या गर्भाचेही तुकडे उडतात. मध्यबिंदूपासून चहूंकडे रेघा फुटलेली अशी एक चांदणीच उमटते, आणि शास्त्रज्ञही तिला चांदणीच म्हणतात.

ही चांदणी सिलिकॉनवर उमटते कशी? सिलिकॉन हें वाळूंतून निघणारें मूलद्रव्य. शुद्ध स्वरूपांत तें वीज फारशी वाहूं देत नाहीं. पण त्यांत बोरॉन किंवा फॉस्फरस यांचा किंचित् अंश मिसळला कीं त्याचा स्वभाव पालटतो. एका बाजूस इलेक्ट्रॉनांची रेलचेल, दुसऱ्या बाजूस इलेक्ट्रॉनांचीं रितीं स्थानें, अशी जोडणी करून तिच्यावर उलटा विद्युद्दाब दिला म्हणजे मधला सारा भाग मोकळा होतो. वीज वाहून नेणारें तेथें कोणीच राहत नाहीं. अशा मोकळ्या झालेल्या पट्टींतून एखादा भारयुक्त कण गेला, तर तो वाटेंतील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करीत जातो. एक इलेक्ट्रॉन व त्याचें रितें स्थान अशी जोडी सुटण्यास सुमारें ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. वायूंत याच्या सुमारें आठपट ऊर्जा लागते. ३०० मायक्रॉन, म्हणजे तीन दशांश मिलिमीटर जाडीच्या पट्टींतून वेगवान पायॉन गेला कीं सुमारें चोवीस हजार जोड्या सुटतात. विद्युद्दाबामुळें त्या दोन बाजूंना खेंचल्या जातात आणि पट्टीवर केसाहूनही बारीक आंखलेल्या ज्या रेषांपाशीं त्या पोंचतात, तेथें विजेचा एक हलका ठोका उमटतो. हें सर्व सेकंदाच्या कांहीं कोट्यंशांत आटोपतें. कोणत्या रेषेवर ठोका पडला हें समजलें कीं कण कोठून गेला तें समजलें.

येथें कणाला पाहिलें असें कोणी म्हणत नाहीं. अंगणांत पसरलेल्या रांगोळीवरून मांजर गेलें तर मांजर दिसलें नाहीं तरी त्याची वाट दिसते, तशांतला हा प्रकार.

२००२ सालीं सर्न येथील 'अथेना' प्रयोगानें थंड, म्हणजे मंद गतीच्या, प्रतिहायड्रोजनाची मोठ्या संख्येनें निर्मिति केली, तेव्हां तिची साक्ष सिलिकॉननेंच दिली. प्रतिप्रोटॉन निर्वात नळींत विद्युच्चुंबकीय सापळ्यानें धरून ठेवलेले असतात. त्यांना पॉझिट्रॉन भेटून अणु बनला कीं तो भारहीन होतो. सापळ्याची त्याच्यावर सत्ता चालत नाहीं व तो भिंतीवर जाऊन आपटतो. तेथें एकाच क्षणीं व एकाच जागीं दोन गोष्टी व्हाव्या लागतात: प्रतिप्रोटॉनांतून पायॉन उधळावयास हवेत आणि पॉझिट्रॉनापासून गॅमाकिरणांची जोडी निघावयास हवी. पायॉनांचे माग सिलिकॉनच्या पट्ट्यांनीं व गॅमाकिरण सीझियम आयोडाइडच्या स्फटिकांनीं टिपले. दोन्ही साक्षी जुळल्या, तेव्हां प्रतिअणु झाला असा निवाडा देतां आला.

त्याचा वारसा घेऊन आलेल्या 'अल्फा' प्रयोगानें पुढचें पाऊल टाकलें. भार नसला तरी प्रतिहायड्रोजनाचा अणु एक चिमुकला चुंबक असतो. म्हणून चुंबकीय क्षेत्राची वाटी करून ती मध्यभागीं खोल ठेवली तर अतिशय थंड अणु तींत अडकून राहूं शकतो. ही वाटी फारच उथळ. निरपेक्ष शून्यावर अर्ध्या अंशाहून अधिक उष्ण असलेला अणु तिच्यांतून उडून जातो. २०१० च्या नोव्हेंबरांत या मंडळींनीं जाहीर केलें कीं ३३५ वेळां प्रयोग करून त्यांनीं ३८ प्रतिअणु पकडले. संख्या पाहून कोणास हंसूं येईल. पण यांतील खरी कसोटी संख्येची नव्हती. आकाशांतून विश्वकिरण अहर्निश कोसळत असतात आणि तेही सिलिकॉनवर ठोके उमटवितात. आपण पकडला म्हणून मिरविलेला प्रतिअणु हा वस्तुतः वाटेनें जाणारा विश्वकिरण निघाला तर? सारी प्रतिष्ठा या एका शंकेवर टांगलेली होती.

या शंकेचें निरसन मागांच्या आकारावरून होतें. नळीभोंवतीं सिलिकॉनचीं तीन कडीं एकाबाहेर एक बसविलेलीं होतीं. विश्वकिरण एका बाजूनें शिरून दुसऱ्या बाजूनें सरळ निघून जातो. विलोपनाचे माग मागें मागें ओढत नेले तर ते नळीच्या भिंतीवरील एका बिंदूंत येऊन मिळतात. ही चाळणी लावून, आणि ती लावण्याचे नियम आधींच पक्के करून, मोजणी झाली. चुंबक सेकंदाच्या शतांशाच्या आसपास वेळांत बंद करावयाचे व तेवढ्याच क्षणांत निसटणारे अणु मोजावयाचे, म्हणजे विश्वकिरणांना मध्यें घुसण्यास अवसर अल्प, अशी योजना होती. त्या ३८ घटनांत चुकून शिरलेल्या विश्वकिरणांचा अंदाज एक-दोनांपलीकडे जात नव्हता. पुढील वर्षीं त्यांनींच असे अणु १००० सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून अधिक, धरून ठेवल्याचें प्रसिद्ध केलें.

अणु हातीं आल्यावर विचारावयाचा सर्वांत सोपा व सर्वांत जुना प्रश्न असा: हात सोडला तर तो खालीं पडतो कीं वर जातो? बहुतेक सर्व सिद्धांती तो खालींच पडेल असें म्हणत आले होते. परंतु असें म्हणणें आणि तसें पाहिलेलें असणें यांत अंतर आहे. आणि आमच्या मतें हें अंतर तोडण्याचा हट्ट हाच युरोपीय विज्ञानाचा खरा गुण. २०२३ च्या सप्टेंबरांत 'अल्फा-जी' प्रयोगाचा निकाल आला. उभ्या सापळ्याचीं वरचीं व खालचीं झांकणें हळूहळू उघडलीं. प्रतिअणु आपल्या नेहमींच्या द्रव्याप्रमाणें पडत असेल तर सुमारें ८० टक्के अणु खालून निसटावेत असें गणित सांगत होतें, आणि दिसलें तें त्याच्याशीं जुळलें. गुरुत्वाचा प्रवेग नेहमींच्या ०.७५ पट आला व त्यांतील अनिश्चितता इतकी होती कीं १ हा आंकडा तींत सहज सामावतो. वर जाण्याची शक्यता निकालांत निघाली. या प्रयोगांत विलोपनाची जागा सांगणारें मुख्य यंत्र मात्र सिलिकॉनचें नसून वायूनें भरलेल्या कोठीचें होतें. उंच सापळ्याला तें सोयीचें पडलें, आणि कांहीं मिलिमीटरांच्या अचूकतेनें तेथें काम भागत होतें.

'ईजिस'चा मार्ग निराळा. तेथें अणूंना कोंडून न ठेवतां त्यांचा आडवा झोत सोडावयाचा व जाळीसारख्या बारीक फटींतून तो गेल्यावर किती खालीं सरकला हें पहावयाचें. हिशेब आपण घरीं करूं शकतों. प्रतिअणु सेकंदाला ५०० मीटर वेगानें एक मीटर अंतर गेला, तर त्याला दोन सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत पडण्याचें अंतर सुमारें २० मायक्रॉन होतें. कागदाच्या जाडीचा हा चौथा-पांचवा हिस्सा! येथें मिलिमीटरानें मोजणारें यंत्र काय कामाचें? म्हणून विलोपन दुरून पाहण्याऐवजीं तें सिलिकॉनच्या अंगावरच घडवून आणावयाचें, म्हणजे जी पाटी ती खूण लिहिणार तिच्यावरच अणूनें देह ठेवावयाचा, अशी कल्पना निघाली. मंदगति प्रतिप्रोटॉन सिलिकॉनच्या संवेदकावर सोडून उमटणाऱ्या चांदण्यांचा अभ्यास या मंडळींनीं पूर्वींच केला होता. पण त्या संवेदकांचीं घरें मोठीं, त्यामुळें मध्यबिंदु पुसट राही.

तोंवर खरी बारकाई एकाच साधनांत होती: छायाचित्राच्या रसायनाचा जाड लेप दिलेली कांच. ती एक-दोन मायक्रॉनपर्यंत नेमकी जागा दाखविते. 'ईजिस'नें तिच्याच साहाय्यानें जाळीमागें प्रतिप्रोटॉनांची छाया सुमारें १० मायक्रॉन सरकलेली मोजून दाखविली व तें २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. या कांचांशीं भारताचाही जुना परिचय आहे. देवेंद्रमोहन बोस व बिभा चौधुरी यांनीं दार्जिलिंगकडील पहाडांवर अशाच कांचा महिनेच्या महिने ठेवून विश्वकिरणांचे माग तपासले व १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच बिभाबाई १९४९ सालीं मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेंत दाखल झाल्या. विज्ञानाकडे वळणाऱ्या आमच्या मुलींना हें नांव ठाऊक असावें. परंतु कांचेचा एक मोठा दोष असा कीं, ती काढून, धुऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावांचून कांहींच सांगत नाहीं. अणु केव्हां आला हें तर ती कधींच सांगत नाहीं.

मोबाईलच्या चकतीनें नेमकी ही अडचण दूर केली. तिच्यावरील प्रत्येक घर एका मायक्रॉनच्या आसपास असतें, आणि ती लागलीच बोलते. मात्र ती जशीच्या तशी चालेना. वरचे कांहीं थर प्रतिअणूला आंत पोंचण्यापूर्वींच अडवितात; म्हणून ते अत्यंत नाजुकपणें उतरवावे लागले. या कामीं म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठांतील फ्रांचेस्को ग्वातिएरी हे प्रमुख होते. यंत्राला त्यांनीं 'ओफानिम' असें नांव दिलें आहे. यहुदी परंपरेंत हीं डोळ्यांनीं भरलेलीं देवदूतांची चाकें. आपण असतों तर सहस्राक्ष म्हटलें असतें, आणि तेंही थोडकेंच झालें असतें, कारण साठ चकत्या मिळून घरांची संख्या ३८४ कोटी भरते. विलोपनाचा बिंदु सुमारें ०.६ मायक्रॉनपर्यंत नेमका सांपडतो. तत्काळ उत्तर देणाऱ्या पूर्वींच्या साधनांहून हें पस्तीस पट बारीक. मागाच्या जाडीवरून तो प्रोटॉनाचा कीं पायॉनाचा हेंही ओळखतां येतें.

आम्हांस यांत सर्वांत मौजेची वाटली ती गोष्ट निराळीच. चांदणीचा मध्य शोधण्याच्या कामीं गणकयंत्राला मनुष्याच्या नजरेची सर येईना. तेव्हां अडीच हजारांहून अधिक चित्रें सहकाऱ्यांत वांटून देण्यांत आलीं आणि त्यांनीं एकेक डोळ्यांनीं पाहून मध्य लावला. एवढ्या प्रचंड यंत्रशाळेंत शेवटचा शब्द गव्हांतले खडे वेंचणाऱ्या नजरेचाच ठरला!

एवढ्या खर्चानें कोणाच्या पोटाला काय मिळतें, असें कोणी विचारील. प्रश्न गैर नाहीं. प्रतिद्रव्यापासून बॉम्ब किंवा वीज मिळणार अशी जी आशा वा धास्ती कादंबऱ्यांतून पसरली आहे, ती व्यर्थ आहे: सर्न येथें आजवर झालेलें सारें प्रतिद्रव्य एकदम विलोपन पावलें तरी विजेचा एक दिवा कांहीं मिनिटें जळेल एवढीच शक्ति निघेल. पण पोटापलीकडचा एक हिशेब अजून चुकतो आहे. विश्वाच्या आरंभीं द्रव्य व प्रतिद्रव्य समप्रमाणांत निर्माण झालें असावें असें मानण्यास सबळ कारणें आहेत; तसें असेल तर दोहोंनीं परस्परांचा नाश करून मागें केवळ प्रकाश उरावयास हवा होता. मग हे तारे, ही पृथ्वी, आणि हा कागद वाचणारे आपण, उरलों कसे? १९६७ सालीं रशियांतील आंद्रेई साखारोव्ह यांनीं अशी शिल्लक राहण्यास कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतील हें मांडलें. परंतु दोहोंतील जो भेद आजवर प्रयोगांत सांपडला आहे तो या शिलकेस पुरत नाहीं. म्हणून वजन, रंग, पतन, जें जें म्हणून ताडून पाहतां येईल तें तें ताडून पाहण्याचा हा खटाटोप.

भारत २०१७ सालीं सर्नचा सहयोगी सभासद झाला. त्यापूर्वींच तेथील 'सीएमएस' या महायंत्रासाठीं सिलिकॉनच्या पट्ट्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्यें तयार होऊन गेल्या होत्या. २००४ पासून प्रयोगशाळेच्या आवारांत भारत सरकारनें भेट दिलेली नटराजाची मूर्ति उभी आहे, तिचीं छायाचित्रें पुष्कळांनीं पाहिलीं असतील; त्या पट्ट्यांचें छायाचित्र क्वचितच कोणी पाहिलें असेल.

'ईजिस'ला गुरुत्वाचा प्रवेग शंभरांत एका अंशापर्यंत अचूक हवा आहे. २० मायक्रॉनांचा शंभरावा हिस्सा म्हणजे ०.२ मायक्रॉन, आणि चकतीची नजर ०.६ ची. एका अणूवरून हें साधणार नाहीं. हजारों अणु त्याच पाटीवर पडूं देऊन त्यांच्या जागांची सरासरी काढावी लागेल. प्रतिप्रोटॉन मात्र स्वस्त नाहींत. २६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन इरिडियमच्या कांडीवर आपटून जे निघतात, त्यांना एका कड्यांत व मग त्याहून लहान अशा 'एलेना' नामक कड्यांत फिरवून मंद करावें लागतें, आणि दर दोनएक मिनिटांनीं त्यांचा एकच घोट प्रयोगांच्या वांट्याला येतो.